पीटर थंगराज : गोलमधला माणूस

संध्याकाळी ग्राउंडवर टीम पाडताना एक गोष्ट न चुकता होते. स्ट्रायकर व्हायला सात जण तयार असतात, कॅप्टन व्हायला नऊ जण. पण गोलमध्ये कोण, असं विचारलं की सगळे एकदम बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकतात. मग जो सगळ्यात उशिरा आला किंवा ज्याला पळायचा कंटाळा आहे, त्याची रवानगी दोन दगडांच्या मध्ये होते. पालघर, बोईसर, वसई, कुठेही जा, नियम हाच. पावसाळ्यात तर गोलसमोरच सगळ्यात जास्त चिखल असतो, त्यामुळे विचारायलाच नको.

अशा या नकोशा जागेवर उभं राहून एका भारतीयाने आशियातला सर्वोत्कृष्ट गोलकीपर हा मान मिळवला. त्याचं नाव पीटर थंगराज. दोन ऑलिंपिक, एशियाडचं गोल्ड मेडल, अर्जुन पुरस्कार, सगळं त्याच्या नावावर आहे. २०२४ साली आलेला 'मैदान' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हॉस्टेलच्या लॅपटॉपवर पाहिला असेल. त्यातला तो उंच गोलकीपर म्हणजे थंगराज. पण पिक्चरची गोष्ट १९६२ च्या फायनलपाशी थांबते. थंगराज त्यानंतर ४६ वर्षं जगला आणि त्या वर्षांत त्याने आणखी एक मोठं काम केलं. आपल्याला जे येतं ते त्याने दुसऱ्यांना शिकवलं. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा लेख.

थंगराजचा जन्म २४ डिसेंबर १९३५ चा, हैदराबादचा. तेव्हा तिथे निजामाचं राज्य होतं. आज हैदराबाद म्हटलं की आपल्याला बिर्याणी आणि आयटी कंपन्या आठवतात, पण १९५० च्या आसपास ते देशातल्या फुटबॉलचं एक मोठं केंद्र होतं. हैदराबाद आणि सिकंदराबादच्या गल्ल्यांत, शाळांत आणि लष्करी छावणीच्या मैदानांवर पोरं दिवसभर बॉल लाथाडत असत. या सगळ्यामागे एक शाळामास्तर होते, सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांची टीम घडवली. या टीमने मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. चर्चगेटला उतरून चालत जाता येईल असं हे ग्राउंड. आपल्या भागातून मॅच बघायला गेलेल्या त्या काळच्या लोकांनी हे नक्की पाहिलं असणार.

रहीमसाहेबांची शिकवण्याची पद्धत इंजिनिअरला आवडेल अशी होती. एक कौशल्य सुटं काढायचं आणि त्याचाच सराव घ्यायचा. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या टुर्नामेंट ते भरवायचे, म्हणजे पोरं झक मारत पास द्यायला शिकायची. अशा वातावरणात थंगराज वाढला. सिकंदराबादच्या लहान क्लबांमधून त्याने सुरुवात केली आणि तरुण वयातच तो सैन्यात भरती झाला. त्याची नेमणूक होती निलगिरीतल्या वेलिंग्टनला, मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये.

आणि आता गंमत बघा. थंगराज सुरुवातीला गोलकीपर नव्हताच. तो सेंटर फॉरवर्ड होता, म्हणजे गोल मारणारा. पुढे तो गोल अडवणारा झाला. सहा फुटांच्या वर उंची, लांब हात, मोठे पंजे असं शरीर असल्यावर कुणाच्याही डोक्यात हा विचार आला असता. पण फॉरवर्डने गोलकीपर व्हायचं म्हणजे टाळ्यांची जागा सोडून शिव्यांची जागा घ्यायची. फॉरवर्डने नऊ चान्स घालवून एक गोल मारला तर तो हिरो होतो. गोलकीपरने नऊ शॉट अडवून एक सोडला तर लोक त्या एकाबद्दलच बोलतात. थंगराजने ही जागा घेतली आणि मग सोडली नाही. फॉरवर्ड म्हणून खेळल्याचा एक फायदा मात्र राहिला. समोरून येणारा माणूस शॉट कधी मारणार, हे त्याला आतून कळत असे.

१९५५ साली मद्रास रेजिमेंटल सेंटरने दिल्लीचा ड्युरँड कप जिंकला. १९५८ साली परत जिंकला. कलकत्त्याचे मोठमोठे क्लब ज्या कपासाठी धडपडायचे, तो एका रेजिमेंटच्या टीमने दोनदा नेला. दोन्ही वेळा गोलमध्ये थंगराज होता. पाठोपाठ भारतीय संघाचं दार उघडलं.

तो काळ भारतीय फुटबॉलसाठी बदलाचा होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नला, रहीमसाहेबांच्या कोचिंगखाली भारत थेट सेमीफायनलला पोचला. ऑलिंपिक फुटबॉलच्या सेमीफायनलला गेलेला आशियातला हा पहिला देश. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं आणि मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक मारली. नंतर युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि बल्गेरियाकडून ०-३ हरून भारत चौथा आला. त्या संघात दोन गोलकीपर होते. एक थंगराज आणि दुसरा मुंबईचा एस. एस. नारायण. दोघेही विशीतले, म्हणजे आपल्यापेक्षा फार मोठे नाहीत.

१९५८ साली थंगराजला आशियातला सर्वोत्कृष्ट गोलकीपर म्हणून गौरवण्यात आलं. तेव्हा त्याचं वय होतं अवघं २२.

१९६० ला रोम ऑलिंपिक. भारताच्या ग्रुपमध्ये हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीशी आपण फक्त १-२ असं हरलो, आणि ही तीच हंगेरी जिने पुढे ब्राँझ मेडल नेलं. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. पेरूशी १-३ हरलो आणि घरी आलो. आजच्या पोरांना हे आकडे सांगितले तर ते प्लेस्टेशनवरचे वाटतील. पण हे खरोखर झालं आणि तेव्हा गोलमध्ये थंगराज उभा होता. रोमनंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलला पात्र ठरलेला नाही. त्याच वर्षी थंगराजच्या कॅप्टनशिपखाली सर्व्हिसेसने, म्हणजे सेनादलांच्या संघाने, संतोष ट्रॉफी जिंकली.

आता १९६२, जकार्ता एशियाड. भारत पहिलीच मॅच दक्षिण कोरियाशी ०-२ हरला. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० हरवलं. सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं कसंबसं मागे टाकलं. या सेमीफायनलला गोलमध्ये थंगराज नव्हता, बंगालचा प्रद्योत बर्मन होता. थंगराज फ्लूने आजारी पडला होता. बर्मनने काम चोख केलं होतं आणि संघ फायनलला पोचला होता. सरळ हिशोब केला तर फायनलला तोच खेळायला हवा होता.

फायनलला पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होती. रहीमसाहेबांनी आदल्या मॅचचा गोलकीपर बसवला आणि नुकत्याच तापातून उठलेल्या थंगराजला उतरवलं. कोरियन लोक उंच बॉल टाकणार आणि त्यासाठी उंच माणूस हवा, हा त्यांचा हिशोब होता. त्यांनी असाच दुसरा जुगार जर्नेलसिंगवर खेळला. डोक्याला टाके पडलेल्या या डिफेंडरला त्यांनी फॉरवर्डला खेळवलं.

इथे थोडा विचार करा. टीममध्ये अकरा जागा असतात, पण गोलकीपरची जागा एकच. डिफेंडरला मिडफिल्डमध्ये ढकलता येतं, मिडफिल्डरला विंगवर पाठवता येतं. गोलकीपर बाहेर गेला की बाहेरच. बर्मनला त्या रात्री काय वाटलं असेल याचा अंदाज आपण कुणीही करू शकतो. आणि थंगराजवरचं ओझं त्याहून जड होतं. अंगात पुरती ताकद नाही, जागा दुसऱ्याची घेतलेली, चूक झाली तर कोचचाही निर्णय चुकला असं देश म्हणणार. शिवाय कोच स्वतः आजारी होते. रहीमसाहेबांना कॅन्सरने गाठलं होतं.

४ सप्टेंबर १९६२. जकार्ताचं स्टेडियम जवळजवळ लाखभर लोकांनी भरलेलं आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात. कारण राजकीय होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही, म्हणून या स्पर्धेला एशियाड म्हणू नये अशी भूमिका भारताचे क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी घेतली होती, आणि लोक त्याचा राग खेळाडूंवर काढत होते. अशा गोंगाटात पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल मारला. तिथून पुढे सत्तर मिनिटं काम होतं ते सांभाळण्याचं. कोरियाला गोल मिळाला तो शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना. भारत २-१ ने जिंकला. १९५१ नंतरचं हे आपलं दुसरं एशियाड गोल्ड, आणि २०२३ ची हांगझोऊ एशियाड होऊन गेली तरी तिसरं आलेलं नाही. रहीमसाहेब ११ जून १९६३ ला गेले.

थंगराज खेळत राहिला. कलकत्त्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही मोठ्या क्लबांकडून तो खेळला. कलकत्त्यात क्लब बदलणं म्हणजे काय हे ज्याने मोहन बागान-ईस्ट बंगालची भांडणं ऐकली आहेत त्यालाच कळेल. तरी तिन्हीकडच्या लोकांनी त्याला आपला मानलं. १९६४ च्या एशियन कपमध्ये भारत दुसरा आला. त्या संघाचे कोच होते हॅरी राइट, इंग्लंडचे. ते स्वतः जुने गोलकीपर. १९६६ साली बँकॉकला थंगराजची तिसरी एशियाड झाली आणि १९६७ ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९७१ साली थंगराज रिटायर झाला. वय ३५. त्या काळात आयपीएल नव्हतं, आयएसएल नव्हतं, कॉमेंट्री बॉक्सचे कॉन्ट्रॅक्ट नव्हते. फुटबॉलची नॅशनल लीगसुद्धा १९९६ साली सुरू झाली. खेळाडू नोकरीवर जगायचा आणि खेळ संपला की बरेच जण त्या नोकरीत दिसेनासे व्हायचे. थंगराजने कोचिंग निवडलं. मराठीत आपण खेळाडूला 'तो' म्हणतो आणि सरांना 'ते'. तेव्हा इथून पुढे मीही 'ते' म्हणतो.

थंगराज सर आधी गोव्यात आले आणि त्यांनी वास्को क्लबच्या टीमला कोचिंग केलं. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातही त्यांनी कोच म्हणून काम केलं. म्हणजे आपल्यासारखीच हॉस्टेलवर राहणारी, लेक्चर आणि परीक्षा सांभाळून खेळणारी पोरं त्यांच्या हाताखाली होती. आणि मग ते बोकारोला गेले, स्टील प्लांटच्या गावात. तिथे त्यांनी गोलकीपर घडवण्याचं काम केलं.

बोकारो म्हणजे काय हे बोईसर-तारापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे १९६९ साली अमेरिकन मदतीने अणुवीज केंद्र सुरू झालं आणि त्याच्याबरोबर टॅप्सची कॉलनी आली, शाळा आल्या, ग्राउंड आलं, देशभरातून बदली होऊन आलेली कुटुंबं आली. तिकडे रशियन मदतीने पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९७२ ला त्याची पहिली भट्टी पेटली. भोवती सेक्टर, क्वार्टर्स, क्लब, स्टेडियम. शिफ्टचा भोंगा वाजला की सायकली निघायच्या. तमिळ, बंगाली, बिहारी, मराठी सगळे शेजारी. अशा गावात एक उंच, वयस्कर माणूस संध्याकाळी ग्राउंडवर उभा राहून पोरांना पडायचं कसं हे शिकवतो. त्याने रोममध्ये फ्रान्सला रोखलं होतं हे त्यातल्या किती पोरांना ठाऊक असेल?

गोलकीपिंगमध्ये शिकवण्यासारखं काय असतं, असं कुणी म्हणेल. उडी मारायची आणि बॉल धरायचा. पण आपण इंजिनिअर आहोत तर थोडं गणित करू. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. समजा ११ मीटरवरून कुणी समोरून ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने शॉट मारला. बॉल गोललाइनवर पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. बॉल कुठे चाललाय हे डोळ्यांना दिसून शरीर हलायलाच जवळपास ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात लाइनवर उभं राहून साडेतीन मीटरवरचा कोपरा गाठणं अशक्यच म्हणा ना.

मग करायचं काय? पुढे यायचं. गोलकीपर लाइन सोडून ३ मीटर पुढे आला की त्याच्या जागेवर झाकायची रुंदी ७.३२ वरून सुमारे ५.३२ मीटर होते. दहावीतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. पण फार पुढे आला तर बॉल डोक्यावरून जातो. शिवाय एक पाऊल डावीकडे जास्त पडलं तर उजवा कोपरा उघडा. म्हणजे जे आपल्याला उडी म्हणून दिसतं ते आधीच्या दोन सेकंदांतल्या पावलांवर ठरलेलं असतं. पाऊल कुठे टाकायचं, हात कुठे ठेवायचे, कुशीवर कसं पडायचं म्हणजे खांदा निखळत नाही, उंच बॉलला कधी निघायचं आणि कधी जागेवर थांबायचं, डिफेंडरला ओरडून काय सांगायचं, बॉल हातात आल्यावर तो कुणाला फेकायचा. हे सगळं शिकवावं लागतं आणि हजार वेळा करून घ्यावं लागतं. मैदानावर बाकीचे वीस जण वीसच्या वीस पळत असतात तेव्हा हे काम बाजूला, वेगळं चालतं. त्यासाठी वेगळा माणूस लागतो, आणि शक्यतो स्वतः गोलमध्ये उभा राहिलेला.

आज मोठ्या टीमसोबत गोलकीपिंग कोच असतोच असतो. १९९२ साली बॅकपासचा नियम बदलला, म्हणजे टीममेटने पायाने दिलेला बॉल हातात घ्यायला बंदी आली, आणि तेव्हापासून गोलकीपरला पायांनीही चांगलं खेळावं लागतं. त्यामुळे या कोचचं महत्त्व आणखी वाढलं. पण आपल्याकडच्या कॉलेज आणि जिल्हा पातळीवर चित्र अजून जुनंच आहे. एक पीटी सर सगळ्या टीमला पाहतात. सगळे पासिंगचा सराव करतात तेव्हा गोलकीपर बाहेर गेलेले बॉल आणून देतो. शेवटी दहा मिनिटं सगळे त्याच्यावर शॉट मारतात आणि त्याला त्याची प्रॅक्टिस म्हणतात. खरं तर ती प्रॅक्टिस शॉट मारणाऱ्यांची असते.

थंगराज सरांसारख्या माणसाने कारखान्याच्या गावात जाऊन हे काम केलं, त्याचं मोल इथे कळतं. स्वतः मोठं खेळणं वेगळं आणि आपल्या हातातली कला दुसऱ्याच्या हातात उतरवणं वेगळं. पहिल्यात टाळ्या असतात, मेडल असतं, पेपरात फोटो येतो. दुसऱ्यात रोज संध्याकाळी तेच तेच सांगावं लागतं, आणि पोरगं शिकलं की ते आपल्या वाटेने निघून जातं. १९६२ चे गोल कुणी मारले हे रेकॉर्ड बुकात नावानिशी आहे. त्या फायनलला किती शॉट अडवले गेले ते शोधायला गेलात तर सापडणं कठीण. आणि कुठल्या पोराला सरांनी कुशीवर पडायला शिकवलं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

२४ नोव्हेंबर २००८ ला बोकारोतच हृदयविकाराच्या झटक्याने थंगराज सर गेले. ७३ वर्षं पूर्ण व्हायला बरोबर एक महिना बाकी होता. दोनच दिवसांनी मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला आणि त्या आठवड्यात देशाला दुसरं काही सुचत नव्हतं. आशियातला एके काळचा सर्वोत्कृष्ट गोलकीपर गेल्याची बातमी आपल्यापैकी कुणाच्या घरी पोचली असेल असं वाटत नाही. आपण तेव्हा केजीतसुद्धा नव्हतो, पण आपले आईबाबा, सर आणि मॅडम नक्कीच पेपर वाचत होते.

मित्रांनो, आपल्यातले निम्मे तरी उद्या कुठल्या ना कुठल्या प्लांटच्या कॉलनीत नोकरीला जाणार आहोत. कुणी इथेच एमआयडीसीत, कुणी टॅप्समध्ये, कुणी थेट बोकारो नाहीतर भिलाईला. तिथे संध्याकाळी ग्राउंडवर पोरं असतीलच. आपल्याला जे येतं, मग ते फुटबॉल असो, तबला असो की गणित, ते तिथे कुणाला तरी शिकवता येईल. त्यासाठी ऑलिंपिक खेळून यायची गरज नाही. थंगराज सर तर खेळून आल्यावरसुद्धा गेले.

आणि जिमखान्याच्या सरांना एक विनंती. पुढच्या इंटर-कॉलेजच्या आधी आपल्या दोन्ही गोलकीपरना आठवड्यातून तीन दिवस वेगळा अर्धा तास मिळावा. आपल्या भागात जुने खेळलेले लोक पुष्कळ आहेत, वसईपासून डहाणूपर्यंत. त्यातला एखादा जुना गोलकीपर बोलावला तर तो आनंदाने येईल. बॉल आणून द्यायचं काम तेवढा वेळ आम्ही बाकीचे करू.